आठ फुटी प्लायवुडची मत्स्यटाकी : आराखडा तपासून द्या

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत तळमजल्यावर प्लायची मोठी टाकी बांधायची आहे. बाहेरून मापं २४४० मिमी लांबी, ९४० रुंदी, ७५० उंची. समोर एकच काच, बाकी तिन्ही बाजू आणि तळ प्लायचा. पाण्याची पातळी ७०० मिमी धरली, तर आत साधारण १५०० लिटर पाणी बसतं. मासे ऑस्कर आणि सिल्व्हर डॉलर.

आत्तापर्यंत ठरलेलं असं : १९ मिमी प्लाय, आतून लेप, समोरच्या प्लायमध्ये २२०० × ५५० ची खिडकी आणि तिला आतल्या बाजूने १२ मिमी काच. वखारीत एक जण म्हणतो बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) पुरे, दुसरा म्हणतो मरीनच घ्या. लेपासाठी इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारी राळ), पॉलिस्टर फायबर आणि गच्चीला मारतात ते वॉटरप्रूफिंग असे तीन सल्ले मिळाले. प्रश्न तीनच : प्लाय कोणता, लेप कोणता, काच किती जाडीची? आणि हे असं करावं की सरळ पूर्ण काचेचीच टाकी घ्यावी?

हळदीरंग
वाचनखूण साठवली. काम सुरू झालं की फोटो टाका.

वखारवाला
प्लायपुरतं सांगतो. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (फक्त ओलाव्याला टिकणारा) आणि बीडब्ल्यूआर हे दोन दर्जे येतात. एमआर या कामात विचारातच घेऊ नका, त्याचा डिंक युरियाचा असतो आणि ओल लागली की पदर सुटतात. बीडब्ल्यूआर आणि आयएस ७१० चा मरीन, दोन्हीत फिनॉलचा डिंक असतो. मरीनचा नमुना ७२ तास उकळून तपासतात, शिवाय त्याच्या आतल्या पापुद्र्यांवर अटी कडक असतात. तुमच्या कामाला खरा फरक तिथे पडतो. स्वस्त प्लायमध्ये आतले पापुद्रे जोडताना फट राहते. त्या फटीवर स्क्रू आला तर पकडत नाही, आणि कापलेल्या कडेला ती उघडी पडली तर लेपाखाली हवेची पोकळी राहते. मरीनच घ्या.

घेताना चारही कडा बघा. शीट आडवी ठेवून हाताने ठोकत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. चार इंची तुकडा मागून घ्या आणि घरी दिवसभर उकळा. सुकल्यावर पटाशीने पदर उचकटून बघा. लाकडाचे तंतू फाटून आले तर डिंक चांगला, पदर स्वच्छ सुटून आला तर माल परत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मरीनला बुरशी आणि किडीसाठी तांबं-क्रोमची औषधं दिलेली असतात. तांबं गोगलगायी आणि कोळंबीला थोड्या प्रमाणातही मारतं, आणि माशांनाही चांगलं नाही. म्हणजे लेप अखंड पाहिजे तो फक्त गळतीसाठी नाही.

नवशिका
८ × ४ च्या किती शीट लागतील?

वखारवाला
पाच. तळ एक, मागची बाजू एक, पुढची एक, दोन्ही टोकं मिळून एक (९४० × ७५० चे दोन तुकडे एकाच शीटमधून निघतात), आणि पाचवी पुढच्या चौकटीचा दुसरा थर व वरच्या पट्ट्यांसाठी. करवतीच्या पात्याचे ३ मिमी प्रत्येक कापाला धरा. कापून आणल्यावर तुकडे भिंतीला टेकवून ठेवू नका, बाक येतो. सपाट जमिनीवर थप्पी लावा.

पाणसळ
साहित्यावर जाण्याआधी जागा बघा. १५०० किलो पाणी, सव्वाशे-दीडशे किलो वाळू-दगड, अडीचशेच्या आसपास टाकी. स्टँडसकट दोन टन धरा. तळाचं क्षेत्रफळ २.३ चौ. मी. आहे, म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या वर. घराच्या स्लॅबचा हिशेब आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २०० किलोचा असतो. तळमजला निवडलात ते योग्यच.

पण सांगलीत तळमजला म्हटलं की दोन गोष्टी येतात. पहिली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. नुसत्या भरावावर फरशी असेल तर स्टँडचा एक पाय ५ मिमी खचला तरी काचेला पीळ बसतो. ती फरशी काढून खाली मुरूम धुमसून सहा इंची काँक्रीट घाला आणि स्टँडचं वजन पायांवर न देता खालच्या पट्टीवर पसरवा. मग पाणसळ लावा. आठ फुटांत २ मिमीच्या वर फरक नको.

दुसरी गोष्ट पूर. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं सगळ्यांना पाठ आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, आपली गल्ली किती फुटांना पाण्यात जाते हे तुम्हाला माहीत असेलच. पाणी घरात येणार असं दिसलं म्हणून टाकी रिकामी करू नका. रिकामी टाकी तिच्या तळाच्या वर चार-साडेचार इंच पाणी चढलं की तरंगते आणि भिंतीवर आपटते. भरलेली जागेवर राहते. पंप आणि वायरिंग मात्र आधी काढा.

सहा_सूत
आता जोडणी. बहुतेक टाक्या इथे चुकतात, लेपात नाही.

७०० मिमी पाण्याचा लांब बाजूवरचा एकूण दाब ५९० किलोच्या आसपास येतो, टोकाच्या बाजूवर २२० किलो. हा दाब तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं, तेव्हा स्क्रू असा हवा की तो आडवा कापला जायची वेळ येईल, ओढून उपसला जायची नाही. प्लायच्या कडेत गेलेला स्क्रू ओढीला फार कच्चा असतो.

म्हणून भिंती तळाच्या शीटवर उभ्या करा, तळाच्या कडेला बाहेरून चिकटवू नका. आणि लांब भिंती दोन टोकांच्या मध्ये बसवा. टोकाचे तुकडे पूर्ण ९४० चे, लांब भिंती २४०२ च्या. मग जास्त दाब असलेल्या भिंतीचे स्क्रू आडवे कापण्यावर काम करतात. टोकांचे ओढीवर येतात, पण तिथे दाब कमी.

प्रत्येक सांध्याला बाहेरून ५० × ५० ची सागाची रीप. स्क्रू स्टेनलेसचे, ८ नंबर ५० मिमी, दर १५० मिमीला एक. आधी बारीक ड्रिल, मग काउंटर (स्क्रूचं डोकं बसायची खळगी). ड्रिल न करता कडेत स्क्रू पिळला की पदर फुगतात आणि ती जागा कायमची कच्ची होते. सांध्यात इपॉक्सीचाच डिंक घट्ट करून भरा. स्क्रू सांधा जागेवर धरतात, ताकद डिंकाची असते. गुण्या लावून कर्ण मोजा, दोन्ही कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक चालणार नाही.

पुढची चौकट पट्ट्या जोडून करू नका. एका अखंड शीटमधून खिडकी कापा, चारही बाजूंना १०० मिमी ठेवा आणि बाहेरून तसाच दुसरा थर चिकटवून ३८ मिमी जाडी करा. खिडकीचे आतले कोपरे काटकोनात कापायचे नाहीत, २०-२५ मिमीची गोलाई द्या. काटकोनातून चीर सुरू होते.

वर चहूबाजूंनी १०० मिमी रुंदीची पट्टी, आणि लांबीच्या एक तृतीयांश अंतरांवर १५० मिमी रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या. याखेरीज वरच्या काठाखाली ४० × ४० × ५ च्या लोखंडी अँगलचा पट्टा सगळीकडून, पिंपाला कडं असतं तसा. तो असला की काठ फुगत नाही.

कृष्णाकाठ
@सहा_सूत, लांब भिंतींबद्दल हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी टोकं आत धरली होती. बदलतो.

पूर्वभाग
लेपाची एवढी यातायात कशाला? आमच्याकडं जत, कवठेमहांकाळात शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकतात, वर्षानुवर्षं पाणी धरतो. टाकीच्या मापाचा एक तुकडा वेल्डिंग करून आत बसवा, काम खलास.

काचमाणूस
@पूर्वभाग, चारही बाजू बंद असतील तर एकदम बरोबर, त्याहून स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. पण इथे खिडकी आहे. तो कागद एचडीपीईचा, आणि एचडीपीईला सिलिकॉन धरत नाही. काचेपाशी कागद दोन पट्ट्यांमध्ये रबर घालून बोल्टने आवळावा लागतो, आणि प्रत्येक बोल्टचं भोक हा नवा धोका. वरून बघायची टाकी असेल तर कागदच वापरा.

पूर्वभाग
मान्य. मग काच न लावता वरूनच बघा की, कोई मासे वरूनच छान दिसतात :)

काचमाणूस
आता काच. १२ मिमी या खिडकीला पुरत नाही. हिशेब देतो, म्हणजे तुम्हाला स्वतः फिरवून बघता येईल.

काच खिडकीच्या कडेला आतून टेकते, सिलिकॉनच्या मधोमध धरली तर उभा गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) ६०० मिमी होतो. खिडकीवर पाण्याची सरासरी खोली ३२५ मिमी, म्हणजे दाब चौरस मीटरला ३२०० न्यूटन. काच लांब आहे, त्यामुळे वाकते ती उंचीतच. वाकण्याचा ताण १२ मिमीला चौरस मिमीमागे ६ न्यूटन येतो, १५ मिमीला ३.८. साध्या काचेची ताकद १९ धरतात, आणि मत्स्यटाकीला सुरक्षेचा आकडा (ताकद भागिले ताण) ३.८ घेण्याची पद्धत आहे. १२ मिमीला तो ३.२ भरतो, १५ ला ५. म्हणून १५ मिमी.

काच २३०० × ६५० कापा, म्हणजे चहूकडून ५० मिमी चौकटीवर बसेल. वजन ५६ किलो. चार माणसं आणि सक्शन कप असल्याशिवाय उचलू नका. कडा घासून घ्याच, कडेवरचा बारीक टवका हीच चिरेची सुरुवात असते.

अजिंक्यतारा
टफन (तापवून कडक केलेली काच) का नाही? चारपट ताकद मिळते. १० मिमी टफनमध्ये काम होईल आणि वजनही कमी.

काचमाणूस
ताकद मिळते हे खरं, पण टफन फुटते ती एका क्षणात आणि पूर्ण, दीड हजार लिटर खोलीत. साधी काच बहुतेक वेळा चिरते आणि ठिबकते, पाणी काढायला वेळ देते. शिवाय टफन पातळ घेतली की ताकद पुरते पण वाक जास्त येतो, कारण काचेचा ताठपणा टफन करून वाढत नाही. तो वाक सिलिकॉनला सोसावा लागतो. दोन थरांची लॅमिनेटेड काच मात्र चांगला पर्याय आहे, मिळत असेल तर.

अजिंक्यतारा
वाकाचा मुद्दा पटला. फुटण्याबद्दल अजूनही मत वेगळं आहे, पण असो.

रेझिनचा_डबा
लेप. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी बाद करू. सिमेंटवालं प्लायच्या वाकण्याबरोबर तडकतं आणि पाण्याचा सामू चढवतं. ॲक्रिलिकवालं पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी असतं, कायम पाण्याखाली राहिलं की मऊ पडून फुगतं.

पॉलिस्टर (जीपी रेझिन) स्वस्त, पण लाकडाला त्याची पकड इपॉक्सीपेक्षा कमी, आणि स्टायरीनचा वास घरात आठवडे राहतो. तरी कुणी करणार असेल तर एक ताकीद : कोबाल्ट आणि एमईकेपी (पॉलिस्टर कडक करायला घालतात ती दोन रसायनं) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी.

इपॉक्सी घ्या, सॉल्व्हंट नसलेलं. हिशेब असा :

आतलं क्षेत्रफळ खिडकी वगळून ६ चौ. मी. धरा. इपॉक्सी १ लिटर ६ चौ. मी. वर पसरलं तर थर १७० मायक्रॉनच्या आत बसतो. तुम्हाला हवं फायबर कापड अधिक तीन जाड हात. कापड ३०० ग्रॅमचं, सगळीकडे एक पदर, त्याला रेझिन जवळपास कापडाच्या वजनाइतकंच, म्हणजे दोन किलो. वरचे हात चार किलो. पहिला पातळ हात आणि बाहेरची बाजू मिळून दोन किलो. एकूण आठ किलो.

कापड विणलेलं घ्या. दुकानात सगळे चॉप मॅट (तुटक तंतूंची चटई) देतात. त्या मॅटचे तंतू ज्या चिकटवणीने बांधलेले असतात ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट मऊ पडत नाही, पांढरी राहते, आत हवा धरते.

क्रम : आधी सगळे कोपरे गोल करा. इपॉक्सीत कॅबोसिल (घट्ट करायची बारीक भुकटी) किंवा बारीक चाळलेला भुसा घालून लोण्यासारखं घट्ट होईपर्यंत ढवळा, आणि कोपऱ्यात २० मिमी त्रिज्येची गोलाई फिरवा. काटकोनात कापड बसत नाही, मागे पोकळी राहते. स्क्रूची डोकीही यानेच बुजवा, खडूची लांबी (पुट्टी) वापरू नका.

पहिला हात संध्याकाळी द्या, लाकूड निवत असताना. सकाळी दिला तर दिवस चढेल तसं लाकूड तापतं, त्यातली हवा बाहेर येते आणि लेपात सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. नंतरच्या हातांमध्ये रंग आलटून पालटून टाका, एक काळा, एक राखाडी. राहिलेली जागा लगेच दिसते.

एका वेळी ३००-४०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटात ओता. डब्यात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने धुमसतं. प्रमाण वजनकाट्यावर, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर कडक होत नाही, उलट मऊच राहतं.

हळदीरंग
बोटीला मारतात तो रंग चालेल का?

रेझिनचा_डबा
बोटीच्या बुडाचा अजिबात नको. त्यात शेवाळ मारायला मुद्दाम तांबं घातलेलं असतं.

अजिंक्यतारा
वरच्या प्रतिसादात हंगामाची भर. सांगलीत एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या उन्हात इपॉक्सी हातात धरायला वेळ देत नाही. दहा अंश वाढले की वेळ निम्मा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने थरावर मेणचट साय येते, तिच्यावर पुढचा हात धरत नाही. आलीच तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या घासणीने धुवा, सुकवा आणि मगच पॉलिश पेपर मारा. आधी पेपर मारला तर साय आत घासली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. इकडे सातारा-वाईच्या बाजूला थंडीत रात्री पारा बराच उतरतो, तिथे खोली बंद ठेवून पिवळा दिवा लावावा लागतो, नाहीतर थर दिवसेंदिवस चिकट राहतो.

नवशिका
पंपाचे पाइप कुठून काढायचे?

पाणसळ
मागच्या भिंतीतून, वरच्या भागात. तळात भोक नको. टँक निपल (भिंतीतून पाइप काढायचा आट्यांचा तुकडा) वापरा, दोन्ही बाजूंना रबर वॉशर.

भोक मात्र असं करा : दीड इंची निपलला जितकं लागतं त्यापेक्षा १२ मिमी मोठं भोक होल सॉने पाडा. एका बाजूला टेप लावून ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा. पक्कं झालं की त्यातच नेमक्या मापाचं भोक पाडा. आता निपलभोवती ६ मिमी निखळ इपॉक्सी आहे, लाकूड कुठेच उघडं नाही. नुसतं भोक पाडून ब्रशने कड रंगवली तर निपल आवळताना तो थर खरवडला जातो, पाणी प्लायच्या पदरांत शिरतं आणि हातभर लांब दुसरीकडूनच ठिबकतं. गळतीची जागा मग सापडत नाही.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी खालच्या, फिल्टरच्या टाकीत उतरतं. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ५४ लिटर. खालच्या टाकीत तेवढी रिकामी जागा हवीच, दोन इंच उतरणार असेल तर शंभराच्या वर. पंप तासाला ६-७ हजार लिटरचा. एअर पंप इन्व्हर्टरवर टाका.

काचमाणूस
सिलिकॉनचं राहिलं. सगळं इपॉक्सी पूर्ण झाल्यावरच काच, कारण सिलिकॉनवर इपॉक्सी धरत नाही. चौकटीच्या आतल्या बाजूला १२० चा पेपर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठीच्या ट्यूबमध्ये ते असतं, मासे मरतात.

टाकी पुढच्या तोंडावर पालथी झोपवा, म्हणजे काच वरून आडवी ठेवता येईल. दर ३०० मिमीला ३ मिमी जाडीचे रबरी तुकडे, मधे २५ मिमी रुंद सिलिकॉनचा अखंड पट्टा. काच ठेवून हलकं वजन द्या. दाबून सगळं सिलिकॉन बाहेर काढू नका, त्या ३ मिमी जाडीतच काचेची आणि प्लायची हालचाल जिरते. आणि पूर्ण ५० मिमी भरू नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने कडेकडून पकतं, दिवसाला २-३ मिमी, आत जाईल तसं आणखी हळू. रुंद पट्टा मधे महिनाभर ओलाच राहतो. तीन आठवडे थांबा, मग आतून कडेला दुसरी रेघ, तिला आठवडा. पाच ट्यूब आणून ठेवा, मध्येच संपायला नको.

सहा_सूत
पाणी भरायची चाचणी पायरीपायरीने. २०० मिमी भरून एक दिवस, ४०० ला एक दिवस, मग पूर्ण. मागच्या भिंतीला आधीच दोरा ताणून मध्यावर अंतर मोजून ठेवा. ३ मिमीच्या वर फुगवटा दिसला तर रिकामी करा आणि पट्ट्या वाढवा. खाली वर्तमानपत्र अंथरा, थेंब पडला की लगेच कळतो. गळती निघाली तर ओल्या लाकडावर थर चढवू नका, पंखा लावून आठवडाभर सुकवा. बाहेरून इपॉक्सीऐवजी साधा ऑइल पेंट दिलात तर आत चुकून गेलेली ओल बाहेर पडायला वाट राहते.

रेझिनचा_डबा
बाहेरच्या पेंटबद्दल सहमत. मी दिलेल्या हिशेबातलं एक किलो कमी करा. तळाची खालची बाजू मात्र इपॉक्सीनेच, तिथे फरशीची ओल आणि वाळवी दोन्ही येतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मरीन प्लाय, टोकं बाहेर, विणलेलं कापड आणि इपॉक्सी हे पक्कं. पूर्ण काचेची टाकी की प्लायची, यावर कुणी बोललं नाही. आणि १५ मिमी काच इथे मागवून आणावी लागेल असं दिसतं. १२ मध्ये बसवायचं असेल तर काय बदलावं?

काचमाणूस
उंची कमी करा. भिंत ६५० ची, पाणी ६००, खिडकी २२०० × ४५०. मग १२ मिमी काचेवर ताण साडेतीन येतो, सुरक्षा पाचाच्या वर. पाणी १३०० लिटर राहतं, आणि लांब भिंतीवरचा दाब ५९० वरून ४३० किलोवर येतो. ऑस्करला उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, ती तेवढीच आहे.

पूर्ण काचेची का नको, तर या मापाला पाचही बाजू जाड काचेच्या लागतील आणि बांधायला सराईत कारागीर लागेल. प्लाय उष्णता काचेच्या मानाने फारच कमी जाऊ देतो, म्हणून मे महिन्यात पाणी सावकाश तापतं आणि डिसेंबरात हीटर कमी चालतो. चारही बाजूंनी बघायची असेल तरच काचेची.

कृष्णाकाठ
ठरलं, ६५० ची. उद्या काचेची ऑर्डर देतो.

सहा_सूत
थांबा. काच आत्ता मागवू नका. चौकट उभी होऊन इपॉक्सीचा शेवटचा हात पक्का झाला की आतून चार ठिकाणी माप घ्या, कोपऱ्यांच्या गोलाईत काच अडकत नाही ना ते त्याच मापाच्या पुठ्ठ्याने तपासा, आणि मग ऑर्डर. वरच्या आडव्या पट्ट्या बसवल्यावर काच आत शिरत नाही, म्हणून त्या काचेनंतर. पट्ट्यांवर इपॉक्सी आधीच देऊन ठेवा.

कृष्णाकाठ
बरं झालं सांगितलंत. आधी प्लाय आणतो.